लाल नळाचे गार पाणी

आमच्या बाथरूममध्ये दोन नळ आहेत. एकावर लाल ठिपका आहे, दुसऱ्यावर निळा. लाल म्हणजे गरम आणि निळा म्हणजे गार, असा जगभरच्या नळांचा एक अलिखित करार आहे. मे महिन्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत आमच्या घरी तो करार स्थगित असतो. गच्चीवरच्या टाकीत दिवसभर तापलेले पाणी निळ्या नळातून कढत येते, इतके की त्यात चहाची पत्ती टाकली तर रंग उतरावा. आणि लाल नळातून येते ते बंद ठेवलेल्या गीजरच्या पोटात मुक्काम करून, एसीच्या सावलीत निवलेले पाणी. पाणी तापवण्यासाठी जन्माला आलेल्या यंत्राचा आम्ही रांजण केला. आखातात संसार केलेल्या प्रत्येक माणसाला ही युक्ती ठाऊक असते. नवा माणूस पहिल्या उन्हाळ्यात एकदा पोळतो आणि मग जन्मभर विसरत नाही.

आज दुपारी त्या लाल नळापुढे मी बराच वेळ उभा होतो. का, ते शेवटी येईल. क्रम सोडून लिहिण्याची मला सवय नाही.

माझी पत्नी नलिनी सध्या इथे नाही. उत्तरेकडच्या एका थंड शहरात आमची मुलगी ऋजुता राहते. तिच्या बाळंतपणासाठी नलिनी वसंत सरता सरता तिकडे गेली. त्या शहराचे नाव मी लिहिणार नाही, कारण माझ्या व्हिसाचे अपील प्रलंबित आहे आणि प्रलंबित प्रकरणावर जाहीर मतप्रदर्शन करणे मला मान्य नाही. एवढे मात्र नमूद करतो. आम्हा दोघांचे अर्ज एकाच दिवशी, एकाच खिडकीवर, सारख्याच दाखल्यांसह गेले. तिला मंजुरी मिळाली. मला नकार मिळाला, आणि कारण दिले ते असे: अर्जदार मुदतीत परत जाईल याची खात्री पटत नाही. ज्या माणसाचे निम्म्याहून अधिक आयुष्य एका परक्या देशाने दर काही वर्षांनी, परत जाण्याच्या अटीवर, मंजूर केले. ज्याच्या पासपोर्टच्या पानापानावर मुदतीचे शिक्के आहेत. ज्याने एकदाही, एका दिवसानेही मुदत ओलांडली नाही. त्याच्या परत जाण्याविषयी शंका! त्या एका वाक्याचा प्रतिवाद मी अपिलात कलमवार केला आहे. पोच आली. उत्तर अद्याप नाही.

विमानतळावर नलिनीची बॅग वजनाला जड भरली. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, खारकेची पूड, वेखंड, आणि त्यावर लोकरीची टोपडी, दोन शाली, माझा जुना स्वेटर. "थंडीच्या गावाला चाललेय," ती म्हणाली. "अहो, जन्मात पहिल्यांदा उन्हाळ्यात खिडकी उघडी टाकून झोपेन." तिच्या चेहऱ्यावर शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलीचा आनंद होता. मी तिला विम्याच्या कागदाची प्रत कुठल्या कप्प्यात आहे ते पुन्हा सांगितले.

ती प्रथम या देशात आली तेही असेच उन्हाळ्याच्या तोंडाशी. तेव्हा मी अबू धाबीबाहेरच्या मुसफ्फा या औद्योगिक वसाहतीतल्या एका लोखंडी कामाच्या कारखान्यात करारनामे आणि पत्रव्यवहार सांभाळत असे आणि आम्ही शहरात एका जुन्या इमारतीत राहत असू. ती इमारत आता नाही. तिच्या जागी निळ्या काचांचे काहीतरी उभे आहे. पण डोळे मिटले की तिचा जिना मला अजून पायाखाली लागतो. जिन्यात तापलेल्या रबराचा वास असे, कुणाच्या तरी घरच्या मसाल्याच्या भाताचा वास असे, आणि समुद्राकडून आलेल्या, भिजट, अंगाला चिकटणाऱ्या हवेचा. माझ्या शर्टाला कारखान्याचा, जळलेल्या लोखंडाचा वास येई. खिडकीत बसवलेला एसी अखंड घरघरत असे. इतका अखंड, की वीज गेली आणि तो थांबला तर शांततेनेच दचकायला होई. त्याच्या पोटातले पाणी बाहेर ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात टपटपत असे आणि त्या पाण्यावर नलिनीने गॅलरीतली तुळस जगवली होती.

पहिल्याच आठवड्यात बाथरूममधून तिची किंकाळी आली. "अहो! नळातून उकळतं पाणी येतंय! कोणीतरी गीजर लावून ठेवलाय!"

गीजर लावलेला नव्हता. तो निळा नळ होता. मी तत्काळ टेबलाशी बसलो आणि घरमालकाला पत्र लिहायला घेतले: भाडेकराराप्रमाणे वापरण्याजोगे पाणी पुरवण्याची जबाबदारी आपली असून, वगैरे. दार उघडे होते. समोरच्या घरातल्या सकीनाभाभी घावनांची ताटली घेऊन आत आल्या. त्या दाभोळच्या खाडीकाठच्या. त्यांचे यजमान आमच्याच कारखान्यात होते. नलिनीचा लाल झालेला हात त्यांनी पाहिला, माझ्या हातातले पेन पाहिले, आणि त्या कमरेवर हात ठेवून हसल्या.

"भावजी, पत्र कोणाला लिवताव? सूर्याला?"

मी म्हणालो, "घरमालकाला. टाकीवर सावली करणं त्याचं काम आहे."

"मालक जातोय लंडनला, मे लागला की. अगो वैनी, इकडं ये. हे गीजरचं बटन बंद. दोन दिस हात लावू नको. मग लाल नळ सोड. यल्ला, खलास! आन भावजींचं पत्र राहू दे, घावन गार होतील."

घावन गार होण्याची शक्यता त्या हवेत नव्हती. पण दोन दिवसांनी लाल नळातून आलेल्या पाण्याची पहिली ओंजळ नलिनीने तोंडावर मारली तेव्हा ती आतून मोठ्याने हसल्याचे मला आठवते. पाण्याला गंजाचा, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा एक मंद वास होता. पुढे तो वास म्हणजेच आमच्या घरचा उन्हाळा झाला.

त्यानंतर दर वर्षी मे महिन्यात, एका शुक्रवारी, आमच्याकडे गीजर बंद करण्याचा सोहळा होई. मी बटन बंद करत असे. चुकून कोणी ते दाबू नये म्हणून नलिनी त्यावर लाल चिकटपट्टी लावत असे. ऋजुता थोडी मोठी झाल्यावर तो मान तिने घेतला. ती स्टुलावर चढायची, पट्टी दाताने तोडायची, आणि वर हळदीकुंकवाचे बोट लावायची, कारण आईने नवीन मिक्सरला लावलेले तिने पाहिले होते. त्या दिवशी जेवायला सोलकढी असे. सकीनाभाभी आमसुले कोकणातून आणवत आणि त्यातला वाटा आम्हाला देत. माठाची सोय नव्हती, म्हणून नलिनी काचेच्या बरणीत वाळ्याची जुडी टाकून पाणी फ्रिजमध्ये ठेवत असे. फ्रिज उघडला की आत कुठेतरी ओली माती असल्यासारखे वाटे. मग हवेत गारवा येऊन दिवाळीचे कंदील बाहेर निघाले की ऋजुता पट्टी सोलून काढी, बटन दाबी, आणि गीजरचा तांबडा दिवा लागताच टाळ्या वाजवी. आमच्या घरचे हे दोन ऋतू. पट्टी लावण्याचा आणि पट्टी काढण्याचा.

गीजरचे पोट मात्र लहान होते. त्यातले पाणी संपत आले की मागून टाकीचे तापलेले पाणी त्यात शिरे आणि लाल नळही पोळू लागे. म्हणून मी घरात नियम केला: प्रथम शाळेत जाणारी, मग कामावर जाणारा, मग उरलेली, प्रत्येकी एक बादली, नळ वाहता ठेवणे निषिद्ध. नियम टंकलिखित करून दाराला लावला होता. पण माझ्या नियमापेक्षा नलिनीचे दोन शब्द जास्त चालले. बाथरूमच्या दारावर बांगड्यांची टकटक व्हायची आणि बाहेरून हाक यायची, "मागच्याला ठेवा!" ऋजुता आत गाणे म्हणत असली तरी ती हाक ऐकून नळ बंद करायची. पाहुणे आले, त्यांनाही हीच हाक. सकीनाभाभींचे पाणी एकदा बंद पडले तेव्हा त्यांचे अख्खे घर आमच्याकडे न्हायला आले, आणि त्यांच्या धाकट्याने आतूनच ओरडून विचारले, "चाची, मागं किती लोग हायत?" तेव्हा नलिनी पदर तोंडाला लावून हसत सुटली होती.

दुपारी शहर मिटून जाई. दुकानांची शटरे खाली, रस्ता पांढरा, आणि त्या पांढऱ्या शुकशुकाटावरून अजानचा लांबलचक स्वर वाहत जाई. ऑगस्टात दुभाजकांवरच्या खजुरीचे घड पिकत आणि हवेला गुळाच्या काकवीसारखा जडपणा येई. संध्याकाळी आम्ही समुद्रकाठच्या कॉर्निशवर फिरायला जात असू. इमारतीतून बाहेर पाऊल टाकताच माझ्या चष्म्यावर वाफ धरे आणि क्षणभर जग नाहीसे होई. ऋजुता माझे बोट धरून म्हणे, "बाबा, डोन्ट मूव्ह. मी सांगते कुठे जायचं." त्या वाफेच्या आड, एका लहान मुठीच्या भरवशावर उभे राहण्याचे ते काही क्षण मला इतके प्रिय होते की पुष्कळदा मी चष्मा मुद्दामच उशिरा पुसला.

ती पहिलीत असताना शाळेतून एक रंगवायचा कागद घरी आला. त्यावर दोन नळांचे चित्र होते. गरम पाण्याचा नळ लाल रंगवा, गार पाण्याचा निळा. ऋजुताने उलटे रंगवले होते. बाईंनी त्यावर फुली मारली होती आणि ऋजुता जेवत नव्हती.

"पण बाबा, इट्स ट्रू ना? रेड इज कोल्ड."

मी कागद हातात घेतला. महिना जून होता. मी मुख्याध्यापिकांना सविस्तर पत्र लिहिले: सदर विद्यार्थिनीचे उत्तर तिच्या राहत्या घरातील, चालू ऋतूतील वस्तुस्थितीशी तंतोतंत जुळते. प्रश्नात ऋतू अथवा देश नमूद केलेला नाही. सबब फुली मागे घेण्यात यावी. नलिनी म्हणाली, "पहिलीचं पोर आहे हो, सुप्रीम कोर्टात नेऊ नका." मी ऐकले नाही. शाळेचे उत्तर आले, की पत्राची नोंद घेतली आहे. फुली तशीच राहिली. पण ऋजुता त्या दिवशी पोटभर जेवली, आणि पुढची कित्येक वर्षे पाहुण्यांना अभिमानाने सांगत राहिली की माझ्या बाबांनी नळासाठी पत्र लिहिले होते.

सकीनाभाभी सहकुटुंब कोकणात परतल्या. इमारत रिकामी झाली. आम्ही दुबईत, अल बर्शाला आलो. ऋजुता आधी शिकायला आणि मग राहायलाच उत्तरेला गेली. खिडकीतले एसी गेले, आता छताच्या जाळीतून मुकाट्याने गारवा येतो. टपटप नाही, डबा नाही. एवढे होऊनही टाकी गच्चीवरच आहे आणि सूर्य तोच. पट्टी अजूनही मेमध्येच लागते. या वर्षी ती मी एकट्याने लावली. कुंकू सापडले नाही.

आता त्या शहराविषयी. नलिनी गेली, बाळ झाले, मुलगी आहे, नाव अजून ठेवायचे आहे. पहिले काही आठवडे रोजच्या फोनवर आनंद वाहत होता. सूर्य पाहून ते लोक वेडे झाले होते. बागेत हिरवळीवर अख्खे गाव उघड्या अंगाने पडलेले. तळ्यात पोरे उड्या मारताहेत. आइस्क्रीमच्या गाडीपुढे आजोबा-आजी रांगेत. नलिनी फोन फिरवून मला सगळे दाखवी. "बघा, बघा, त्या शेजारीणबाई! सत्तरी उलटलीय, गॅलरीत फ्रॉक घालून ऊन खात बसल्यात. मला म्हणाल्या, आपलं भाग्य! मी म्हटलं, बाई, माझ्या गावी या, पोत्यानं देते." इथेच दुबईत, सिलिकॉन ओएसिसला राहणारा माझा मित्र कुलकर्णी हे ऐकून म्हणाला, "बत्तीस डिग्रीला हीट वेव्ह? बत्तीसला आपण एसी बंद करून पंखा लावतो!" मीही हसलो. आम्ही उष्णतेचे जुने जाणकार, तिचे वतनदार. आम्हाला कोण काय सांगणार?

पण ऊन गेले नाही. आठवडा उलटला, दुसरा लागला, आणि ते घर तापत गेले. ऋजुताचे घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, उतरत्या छपराखाली आहे. तिथली घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली आहेत. भिंती जाड, खिडक्यांना तिहेरी काच, वर काळे कौल. आलेली उष्णता ती सोडत नाहीत. दिवस मावळत नाही. रात्र म्हणून जी काही येते ती करड्या उजेडाची एक झुळूक असते, तीही कोमट. पंखे दुकानांतून संपले. जावई सायकलवरून गावभर हिंडून रिकाम्या हाताने परतला. खिडकीत एसी बसवायला गृहसंस्थेची मनाई, कारण इमारतीचे दर्शनी रूप बिघडते.

मी भाडेकराराची प्रत मागवली. फोनवरच्या भाषांतराच्या सोयीने ओळ न् ओळ वाचली. हिवाळ्यात घर किती थंड पडू नये याचे कलम त्यात होते, स्पष्ट आणि निःसंदिग्ध. उन्हाळ्यात ते किती तापू नये याचे कलम नव्हते. ही पोकळी मी गृहसंस्थेच्या निदर्शनास आणली. इथे भर उन्हाळ्यात दुपारच्या वेळी उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने मनाई आहे. माझ्या खिडकीतून समोरच्या बांधकामावरची माणसे त्या वेळी सावलीत आडवी झालेली दिसतात, आणि ती दिसली की मला बरे वाटते. ज्या देशात सूर्य एवढा निर्दय आहे त्याने निदान त्याच्यासमोर एक कलम उभे केले. आपल्या शहरात काय आहे, असे मी गृहसंस्थेला विचारले. तिकडून सौजन्यपूर्ण उत्तर आले: आपली काळजी आम्ही समजू शकतो. असे दिवस आमच्याकडे फार राहत नाहीत. उन्हाळा लवकरच संपेल.

ऋजुताचा फोन आला. "बाबा, प्लीज. डोन्ट राइट टू देम अगेन. आय हॅव टू लिव्ह हिअर."

"तुझ्या मुलीलाही तिथंच राहायचं आहे," मी म्हणालो.

मागे नलिनीचा आवाज होता, अंगाई नव्हे, नुसते "हं, हं, हं" असे.

बाळाच्या मानेवर, काखेत घामोळे उठले होते. फोनच्या पडद्यावर ते मला लाल रेतीसारखे दिसले. बाळ मलूल पडून असे. दूध ओढायला लागे आणि मध्येच सोडून देई. रडत नसे, आणि नलिनीला न रडण्याचीच भीती वाटत होती. परिचारिका घरी येऊन तपासून गेली. थोडे थोडे, वरचेवर पाजा, अंग कोमट पाण्याने पुसा, लक्ष ठेवा, आणि सुधारणा नाही दिसली तर लगेच घेऊन या, असे सांगून गेली.

मी सूचना देत होतो. मला दुसरे काय देता येत होते? "खिडकीला ओली चादर बांध."

"बांधली."

"आरसे झाकून टाक. ऊन परततं त्यांच्यावरून."

"झाकलेत. अहो, इतके उन्हाळे मीही तिथंच काढलेत ना, तुमच्याबरोबर? मला कळतं."

"पातेल्यात बर्फ ठेव, समोरून वारा..."

"वारा कुठनं आणू?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "तुम्ही जेवलात का?"

माझ्या घरात एसी बाविसावर होता आणि माझ्या खांद्यावर शाल होती. जगातल्या सर्वात तापलेल्या शहरांपैकी एकात मी थंडीने आखडून बसलो होतो, आणि थंडीच्या गावी माझी नात उन्हाने कोमेजत होती. अपिलाच्या कार्यालयाला मी तातडीचे स्मरणपत्र पाठवले. पोच आली. ती यंत्राने दिलेली होती.

आज दुपारी फोन वाजला. ऋजुता होती, आणि रडत होती.

"बाबा, आईचा हात भाजला."

"कशानं?"

"पाण्यानं. ती बाळाला पुसायला पाणी घेत होती. मी जस्ट बाटल्या धुतल्या होत्या, एकदम उकळतं, पाइप हॉट होता. आणि आईनं..."

तिने पुढे सांगण्याची आवश्यकता नव्हती. इथे बसून मला ते दिसले. आठवड्यांमागून आठवडे नलिनी त्या घरात राहिली, रोज तेच नळ उघडत-मिटत राहिली आणि एकदाही चुकली नाही. हवा थंड होती तोवर तिचा हात त्या शहराचा होता. उकाडा वाढला, घामाने पातळ अंगाला चिकटले, आणि हात आपल्या घरी परत आला. उन्हाळ्यात गार पाणी हवे तर कुठला नळ सोडायचा हे त्या हाताला कुणी विचारले नाही. त्याला माहीत होते.

"बाळ?" मी विचारले.

"बाळ ठीक आहे. आईनं आधी स्वतःच्या हातावर घेतलं ना पाणी. शी ऑल्वेज डज. बाळाला माझ्याकडे दिलं होतं."

"तिला दे फोन."

"तिचा हात नळाखाली आहे. मी स्पीकर लावते."

पाण्याचा आवाज आला. मग नलिनी. "काही नाही हो, उगाच घाबरवते ही. मनगटापासून वर थोडं लाल झालंय."

"फोड आला का? खरं सांग."

"येईल बहुतेक. नर्सला फोन केलाय, ती येतेय. तोवर गार पाण्याखाली धरून ठेवा म्हणाली." मग ओशाळून, "लाल सोडला मी. आयुष्य गेलं ना त्या लाल नळात."

मी सवयीने टेबलाशी गेलो. कागद पुढे ओढला, पेन उघडले. महोदय, एवढे लिहिले. मग विचार करू लागलो की महोदय कोण. नळ नियमानुसार होता, लाल तो गरम आणि निळा तो गार. गृहसंस्थेचा यात दोष नव्हता. शहराचा नव्हता. नलिनीचा तर नव्हताच. ज्या इमारतीच्या टाकीने तिच्या हाताला हे शिकवले ती पाडून कित्येक वर्षे झाली. दाद मागायची तर प्रतिवादी हवा. कमरेवर हात ठेवून सकीनाभाभी दारात उभ्या असल्याचा मला भास झाला. पत्र कोणाला लिवताव, भावजी?

मी पेन मिटले, फोन घेऊन बाथरूममध्ये गेलो आणि लाल नळ सोडला. पाणी गार होते. त्याला तोच मंद, गंजाचा वास होता. मी बाही वर करून मनगटापासून वरचा हात त्याखाली धरला. तिचा जिथे भाजला होता, अंदाजाने तिथेच. हजारो मैलांपलीकडे तिचा हात निळ्या नळाखाली होता, आणि फोनमधून तिच्या पाण्याचा आवाज माझ्या पाण्यात मिसळत होता. माझ्याकडे भरपूर गार पाणी होते आणि त्याचा एक थेंब तिच्या हातापर्यंत पोचवणारा अर्ज कोणत्याही खिडकीवर मिळत नव्हता.

बराच वेळ आम्ही तसेच होतो. ती मध्ये मध्ये काही सांगत होती. ऋजुताने बाळाला कोमट पाण्याने नीट पुसले, बिनबाह्यांचे झबले घातले, आणि अंग गार होताच बाळ दुधाला लागले. मागच्यापेक्षा जास्त वेळ लागले. मग पलीकडे एकदम रडण्याचा आवाज फुटला, ताठ, खणखणीत.

"काय झालं?" मी ओरडलो.

"काही नाही," नलिनी म्हणाली, आणि तिच्या आवाजात किती दिवसांनी हसू होते. "दूध थांबवलं म्हणून चिडलीय. आजोबांवर गेलीय. तक्रार करत्येय."

मी फोन कानाशी आणखी जवळ धरला.

मग तिने विचारले, "तुमच्याकडे कसला आवाज येतोय हो? नळ वाहतोय का?"

"हो."

"लाल?"

"लाल."

"कशाला सोडलाय? बंद करा बघू," ती म्हणाली. "मागच्याला ठेवा."

घरात मागे कोणी नव्हते. मी नळ बंद केला.